ओंजळ आणि हौद

यंदा पुन्हा लातूरच्या गल्ल्यांमध्ये निळे ड्रम उभे राहिले आहेत. दारात, जिन्याखाली, मोटारसायकलींच्या मध्ये. कुणाच्या झाकणावर वीट, कुणाच्या झाकणाला चक्क कुलूप. टँकर वळणावर आला की आधी डिझेलचा वास येतो, मग तापलेल्या लोखंडावर पाणी सांडल्याचा, आणि त्यानंतर बायकांचे आवाज. हा क्रम इतक्या वर्षांत बदललेला नाही. तो दुसरा वास आला की मी उठून खिडकी लावून घेतो. बायकोला वाटतं, धूळ येते म्हणून. मी तिला तसं वाटू देतो.

त्या वासात मी एकदा नखशिखांत भिजून उभा होतो, आणि लोक घागरी घेऊन माझ्या बाहेर येण्याची वाट बघत होते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मी नुकताच कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. औशाहून रोज एसटीनं यायचं, एसटीनं जायचं. कचेरीत ओल्या चुन्याचा आणि रंगाचा वास असायचा. कागद मात्र जुनेच होते. वर छापलेलं उस्मानाबाद पेनानं खोडायचं आणि शेजारी लातूरचा शिक्का मारायचा, हे माझं पहिलं सरकारी काम. शिक्का वाकडा बसला की शेजारच्या टेबलावरचे पठाणभाई म्हणायचे, "हळू मियाँ, जिल्हा तिरका व्हतो." बाहेर ऊन असं, की झाडाखालची सावलीसुद्धा भाजायची. त्या वर्षी कडुनिंबाला मोहर आला तो पिवळा पडून गळाला. पाऊस आदल्या वर्षीही आला नव्हता, त्याच्या आदल्या वर्षी नुसता शिंतडून गेला होता. तेरणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची.

पठाणभाईंनीच मला पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही किरिस्ताव ना? मग चर्च कोणतं म्हणायचं तुमचं?"

"कोणतंच नाही," मी म्हणालो.

"असं कसं? प्रोटेस्टंट का कॅथलिक?"

"दोन्ही नाही. नुसते ख्रिस्ती."

ते पान लावता लावता थांबले आणि मनापासून हसले. "म्हणजे बिनखात्याचे मंत्री म्हणा की!"

मलाही हसू आलं, पण आतून मी फुगलो. मला तो विनोद मोठेपणासारखा लागला. आम्हाला खातं नव्हतं, पाटी नव्हती, बिशप नव्हता, पगारी पाळक नव्हता. औशाच्या वस्तीच्या टोकाला ग्यानबा गवंड्यांच्या घरामागे पत्र्याचं एक छप्पर होतं, तिथं रविवारी आम्ही पोती अंथरून बसत असू. मोजकी घरं, तीच आमची मंडळी. एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणायचो. ज्याला शास्त्रातलं उमगलं त्यानं उठून बोलायचं, ज्याला गाणं सुचलं त्यानं सूर लावायचा. दर रविवारी ज्वारीची एक भाकर मोडायची आणि मनुके भिजवून काढलेला रस एकाच पेल्यातून फिरवायचा. त्या उन्हाळ्यात पेला अर्धाच भरायचा, आणि शेवटच्या माणसापर्यंत तो पोचावा म्हणून सगळे नुसते ओठ लावायचे.

ग्यानबांनी स्वतःचं नावसुद्धा बदललं नव्हतं. कुणी म्हणालं की बाबा, किरिस्ताव झालास आणि नाव ग्यानबाच, तर ते म्हणत, "नाव बदलून काय करू? हाक मारली की मीच वळणार ना?" छपराला पाटी लावावी असं मी एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले, "नाव ठिवलं की कुंपण आलं. कुंपण आलं की कुणीतरी भाईर राहतंय." मला ते इतकं आवडलं की मी कचेरीत, एसटीत, भेटेल त्याला ऐकवत असे. आम्ही कुणालाच बाहेर ठेवत नाही, असं अभिमानानं सांगत असे. बोलताना आपण स्वतः अजून बाहेरच आहोत, हे माझ्या ध्यानात येत नसे.

कारण एक कुंपण आम्हालाही होतं. ते पाण्याचं होतं.

आमची शिकवण अशी, की बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून, आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन. तान्ह्या बाळाच्या कपाळावर थेंब शिंपडले तर तो बाप्तिस्मा नव्हे. खाली जाणं म्हणजे जुन्या माणसाचं पुरणं, वर येणं म्हणजे नव्याचं उठणं. ग्यानबा विचारायचे, "मढ्यावर मूठभर माती टाकून कुणी घरी जातंय का? पुरायचं तर पुरं पुरावं लागतंय." वस्तीत आम्हाला डुबकीवाले म्हणत. बाप्तिस्मा झाल्याशिवाय भाकर मोडायला हात पुढं करायचा नाही, हाही नियम. मी वर्षभर त्या छपरात बसत होतो आणि पेला माझ्या पुढून जात होता.

माझ्या कपाळावर मात्र तान्हेपणी थेंब पडलेले होते. माझ्या आजोबांनी जुन्या मिशनचा धर्म घेतला होता आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, लातूरला मिशनच्या देवळात घंटा वाजवायचं, झाडलोटीचं काम करत. राहायलाही तिथंच, आवारातल्या एका खोलीत. आई गेल्यावर ते औशाला सणापुरते येत. मी त्यांना सांगितलं, की मी बाप्तिस्मा घेणार आहे.

ते कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "तुझा झालाय की."

"नाही झाला, अण्णा. ते नुसतं पाणी शिंपडलं होतं."

"मीच धरलं होतं तुला. रडला न्हाईस."

"मला कळत नव्हतं म्हणून."

काच पुसून झाली होती तरी ते पुसत राहिले. मी त्यांना शास्त्रातले दाखले देत गेलो. एक संपला की दुसरा. त्यांनी एकदाही वाद घातला नाही. माणूस वाद घालत नाही म्हणजे त्याच्याकडे उत्तर नाही, असं मला त्या वयात वाटायचं.

प्रश्न पाण्याचा होता. नदी कोरडी, वस्तीच्या विहिरीत टँकर येऊन ओतायचा तेवढंच. नांदेडला आमच्यासारखीच एक मंडळी होती. तिथल्या बंधूंनी निरोप धाडला, की गोदावरीच्या डोहात अजून छातीभर पाणी आहे, इकडं या. ग्यानबा म्हणाले, "बेस झालं. पहाटंच्या गाडीनं जाऊ. रात्री मुक्काम करू, सोमवारी परत."

मी म्हणालो, "नको. इथंच."

"इथं कुठं रे लेकरा?"

"ज्यांच्यात राहतो त्यांच्यासमोर साक्ष द्यायची. नांदेडला मला कोण ओळखतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. तरुण पोराचा हा केवढा आवेश, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तो आवेशच वाटत होता. आज मी त्याला दुसरं नाव देतो. मला वस्तीनं बघायला हवं होतं. अण्णांनी बघायला हवं होतं. मी पाण्यातून वर येईन आणि भिंतीपलीकडचे सगळे गप्प होतील, असं चित्र मी एसटीच्या खिडकीशी बसून रोज रंगवत होतो.

ग्यानबांच्या परसात विटा भिजवायचा सिमेंटचा हौद होता. तो घासून काढला. मग ठरलं, की मंडळीतल्या प्रत्येक घरानं टँकर येईल त्या दिवशी आपल्या वाट्यातली एक घागर हौदात ओतायची. बायका भांडून, ओढून, कमरेवर घागर घेऊन यायच्या आणि ती आपल्या रांजणात न रिचवता हौदात रिचवायच्या. वर ताडपत्री, ताडपत्रीवर ओली पोती. ग्यानबांची सून राहेल, तिचं बाळ अंगावर पीत होतं. तीही ओतायची. एकदा ती ओतताना मी तिथं होतो. घागर उपडी करून झाल्यावर तळाशी राहिलेले थेंब तिनं तळव्यावर घेतले आणि बाळाच्या मानेला लावले. बाळ दचकून हसलं. मी म्हणालो, "भगिनी, प्रभू याचं फळ देईल." ती म्हणाली, "हाव, बंधू." हा संवाद मला अजून झोपेत ऐकू येतो. त्यात कुणीच वाईट बोललेलं नाही.

वस्तीत हे लपणार कसं? माझी गयाआत्या, अण्णांची सख्खी बहीण, पलीकडच्या आळीत राहायची. तिच्या सासरच्यांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतलेला. घरात बुद्धाचा फोटो, शेजारी बाबासाहेब, आणि खाली तिचा पानाचा डबा. तिनं मला गल्लीतच गाठलं.

"काय रे सुधाकर, हौद भरून राहिलास म्हनं?"

"आमच्याच वाट्याचं पाणी आहे, आत्या. कुणाचं घेतलेलं नाही."

"ते ठावं हाय. पर तू म्हैस हाईस का रे? डबक्यात बसल्याबिगर भागत न्हाई तुजं?"

शेजारच्या बाया हसल्या. मी गंभीर होऊन तिला समजावू लागलो, की ही आज्ञा आहे, देवाच्या आज्ञेपुढं तहान काय...

"तहान काय?" तिनं माझं वाक्य उचललं. "तहान काय म्हंजे आमाला सांगू नगं बाबा. पान्यासाठी आमचा बाप मेला, आज्जा मेला. पाटलाच्या हिरीवर दुरून वंजळ धरून हुबं राहायचे. माजा बाप म्हंजे तुजा आज्जाच की." मग आवाज उतरवून म्हणाली, "बुड तू. पर वाइच लौकर बुड. उन्हानं उडून चाललंय त्ये."

मी ते हसण्यावारी नेलं. छपरात जाऊन ग्यानबांना सांगितलं, की जग हसणारच, प्रलयाआधी नोहाच्या जहाजालाही हसलं होतं. ग्यानबा हसले नाहीत. त्यांनी पोत्यांवर हात फिरवून ओल बघितली.

बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी मंडळी परसात जमली. मी पांढरा सदरा, पांढरा पायजमा घातला होता. भाषण पाठ केलं होतं. गाणं सुरू होणार तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. डोक्याला घंटा वाजवायच्या दिवशी बांधत तसा रुमाल, आणि हातात रॉकेलचा जुना डबा, तोंडाला कापड बांधलेला. लातूरच्या मिशनच्या आडात तेव्हा थोडं पाणी उरलं होतं. तिथून त्यांनी ते शेंदलं, डबा राखेनं घासून घासून त्यात भरलं, आणि पहिल्या एसटीनं आणलं. कंडक्टरनं डब्याचं लगेज लावलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. रविवार होता. देवळाची घंटा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वाजवली असेल, किंवा वाजलीच नसेल.

कुणाशी न बोलता ते हौदापाशी गेले, कापड सोडलं आणि डबा ओतला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तवा मी वंजळभर दिलं होतं. कमी पडलं म्हनतोस, तर हे घे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा ते वाक्य आठवून बघितलं आहे, उलटंसुलटं करून, कुठं तरी धार सापडते का म्हणून. सापडत नाही. धार असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.

मी हौदात उतरलो. पाणी मांडीपर्यंत होतं, गार नव्हतं, कोमट होतं, आणि त्याला सिमेंटचा, पोत्यांचा, लोखंडी टँकरचा वास होता. बसलो तसं ते गळ्याशी आलं. ग्यानबांनी विचारलं तसं मी कबूल केलं, आणि त्यांनी एक हात पाठीशी, एक कपाळावर धरून मला मागं नेलं. खाली सगळं हिरवट आणि शांत होतं. मी वर आलो, डोळे पुसत उभा राहिलो. ओळीनं भिंतीवरून डोकी दिसत होती. आख्खी वस्ती. आणि सगळे गप्प होते, अगदी माझ्या चित्रातल्यासारखे.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडं कुणाची तरी घागर घागरीवर आपटली.

तेव्हा मला दिसलं, की प्रत्येकाच्या हातात, कमरेवर, डोक्यावर भांडं आहे. ते साक्ष ऐकायला आलेले नव्हते. माझं उरकायची वाट बघत होते.

ग्यानबांनी क्षणभर डोळे मिटले. मग मोठ्यानं म्हणाले, "आमी पान्याला पवित्र मानत न्हाई. पानी पानीच हाय. या, घ्या."

फाटक उघडलं. ढकलाढकल झाली नाही, हेही मला आठवतं. रांग लागली. आत्या पुढं होती. मी अजून हौदातच. "निघ की आता भाईर," ती म्हणाली, "का अजून गढूळ करतूस?" मी घाईनं पाय टाकला तसं तळाचं सगळं ढवळलं गेलं. "हां, हळू! सदरा इतंच पिळ. धुळीत नगं सांडू." आणि तिनं बादली पुढं केली. मी माझा बाप्तिस्म्याचा सदरा अंगातून काढून, उघड्या अंगानं, त्या बादलीत पिळला. तिनं घागरीच्या तोंडाला लुगड्याचा पदर घट्ट ताणून धरला आणि वरून तांब्यानं पाणी ओतू लागली. पदरावर बारीक गाळ राहिला. शेजारची कुणी म्हणाली, "गयाबाई, ह्ये काय गाळून राहिली?" आत्या म्हणाली, "भाच्याची पापं. लई न्हाईत, बारकीच हायेत."

सगळे हसले. मंडळीही हसली. अण्णासुद्धा, रुमालाआड. मीही हसलो.

खरं सांगायचं तर लाज त्या दिवशी आलीच नाही. मी त्या दिवशी आनंदात होतो. छपरात बसलो, पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला, पेल्याला ओठ लावले, राहेलनं पाठीवर हात ठेवून "बंधू" म्हटलं. मी आता आत होतो. ज्याची लाज वाटावी असं काही आपण केलं, आणि करताना आपण सुखात होतो, ही गोष्ट माणूस कुणाला सांगत नाही. ती सांगायला मला ही इतकी वर्षं लागली.

दुपारी अण्णांना सोडायला स्टँडवर गेलो. रिकामा डबा त्यांच्या पायाशी होता. लातूरची गाडी लागली, ते खिडकीशी बसले, मी खाली उभा. गाडी सुटायला वेळ होता. त्यांनी विचारलं, "मंग सुधाकर, मी अजून कोरडाच का रे?"

त्यांचाही बाप्तिस्मा तान्हेपणीचाच होता. ओंजळभराचाच. त्याच पाण्यावर ते आयुष्यभर देवळाची फरशी पुसत आले होते, उजाडताच घंटेचा दोर ओढत आले होते, आईच्या आजारपणात उशाशी बसून अर्धवट पाठ असलेली स्तोत्रं म्हणत आले होते. मी काय म्हणायला हवं होतं ते आज कुठलंही पोर सांगेल. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीपण घ्या ना. अजून उशीर नाही झाला. ग्यानबा देतील."

ते जरा हसले. म्हणाले, "पानी तर नेलं की रं त्यांनी."

मग कंडक्टरनं घंटी मारली.

त्यांनी पुढं तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. पाऊस आला, नद्या भरल्या, तेरणा दोन्ही काठांनी वाहिली, आणि मला एकदाही त्यांना म्हणावंसं वाटलं नाही की चला, आता पाणी आहे. का नाही म्हणालो? आधी वाटायचं त्यांना अवघडल्यासारखं होईल. नंतर कळलं, की ते नाही म्हणतील याची मला भीती नव्हती. ते माझ्यासाठी हो म्हणतील, याची होती. ते लातूरलाच वारले, जुन्या मिशनच्या जागेतच त्यांना पुरलं. आमच्या मंडळीतले बंधू सगळे आले, खांदा दिला, माती टाकली. परतताना त्यांच्यातल्या एकानं प्रेमानं माझा दंड धरून म्हटलं, "प्रभू दयाळू आहे, बंधू. आपण आशा करू." आपण खात्री आहे असं म्हणतो, आणि आशा करू असं म्हणतो, यांतलं अंतर आमच्यातल्या माणसालाच कळेल: खात्री पाण्याखाली गेलेल्यांसाठी, आशा बाकीच्यांसाठी. मी मान हलवली.

ही शिकवण मला खोटी वाटत नाही. अवघड आहे ते हेच. खोटी वाटली असती तर मी ती सोडून दिली असती, दुसऱ्या कुठल्या छपराखाली गेलो असतो, आणि अण्णांच्या बाजूनं उभं राहिल्याचं समाधान मिळवलं असतं. पण पाण्याखालचा तो हिरवट शांतपणा मला खरा वाटतो. वर आल्यावरची रांगही खरीच वाटते. दोन्ही एकाच हौदातलं आहे, वेगळं काढता येत नाही.

आता मी लातूरच्या मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांपैकी एक, आहे. इथं पत्र्याऐवजी स्लॅब आहे, पोत्यांऐवजी खुर्च्या. पाटी अजून नाही. यंदा तीन-चार तरुण मुलं-मुली बाप्तिस्मा मागताहेत. हौदाचं नाव कुणी काढलं नाही. जीप करून नांदेडला जायचं, नदीत कुठं पाणी आहे ते तिथले बंधू बघून ठेवतील, असं एका मिनिटात ठरलं. मी त्यांना तयार करायला, दरवर्षीसारखा, शिकवायला उभा राहिलो. तेच दाखले, तोच क्रम. बाहेर टँकर आला होता. कुणीतरी उठून खिडकी लावायला निघालं, मी नको म्हणालो. पुढचं वाक्य मला पाठ होतं, की पाण्याखाली जाऊन जो नव्यानं उठला तो ख्रिस्ती. ते तोंडातून येईना. मुलं वाट बघत राहिली.

मी म्हणालो, "माझे वडील ख्रिस्ती होते."

दुसऱ्या कुठल्याही खोलीत हे अगदी साधं वाक्य आहे. आमच्या खोलीत लिहिणाऱ्या मुलांनी माना वर केल्या. एक तरुण बंधू, चांगला अभ्यासू, मनानं निर्मळ, त्या वयातल्या माझ्यासारखा, अदबीनं म्हणाला, "शेवटी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता ना, बंधू?"

"ओंजळभर," मी म्हणालो.

पुढच्या रविवारपासून शिकवायचं काम त्या तरुण बंधूकडं दिलं आहे. कुणी मला टाकून बोललं नाही. पेला माझ्यापर्यंत येतो, मी ओठ लावतो, पुढं देतो. त्यांनी केलं ते त्यांच्या जागी असतो तर मीही केलं असतं, म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. लाज वाटते ती निराळीच. तेच एवढंसं वाक्य. औशाच्या स्टँडवर, गाडी सुटायच्या आत, खिडकीच्या गजाला धरून सहज म्हणता आलं असतं.